घाम आणि मन : मराठी व्यायामलेखनातली एक रिकामी जागा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, व्यायामाचे फायदे सांगणारा एक श्लोक आहे. त्यातली यादी लहान आहे : लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दुःखसहिष्णुता, दोषांचा क्षय, अग्नीची वृद्धी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, दिनचर्येच्या अध्यायात, हीच यादी पुन्हा भेटते. सुरुवातीचे शब्दही तेच. पण शेवटापर्यंत वाचलं की लक्षात येतं, स्थैर्य आणि दुःखसहिष्णुता गळून पडल्या आहेत. त्यांच्या जागी मेद झडणं आणि अवयव रेखीव, घट्ट होणं आलं आहे. सहन करण्याची ताकद गेली आणि बांधा आला.

एका श्लोकावर इमला रचू नये हे मला कळतं. ‘दुःख’ म्हणजे इथे अंगाचा त्रास एवढंच, असं कुणी म्हणालं तर तो अर्थही बसतो. सुश्रुताने चिकित्सास्थानात याच विषयावर लिहिताना श्रम, थकवा, तहान, ऊन, थंडी सोसता येणं असं स्पष्ट शारीरिक वर्णन केलं आहे. पण चरकाचा शब्द रुंद आहे, आणि तो निवडताना त्याने तो अरुंद करून घेतला नाही, हेही खरं. माझी नोकरी आयुष्यभर हिशेबाची होती. संस्कृत मी चाळिशीनंतर, बाहेरून परीक्षा देत शिकले. दोन याद्या शेजारी ठेवून कोणती रक्कम कुठे गळाली हे बघायची सवय तिकडून आली असावी. हीच सवय घेऊन मी विसाव्या शतकातलं मराठी व्यायामलेखन वाचत गेले. माझा प्रश्न एकच होता : व्यायाम केल्यावर माणसाला कसं वाटतं, हे यात कुठे लिहिलंय?

हे लेखन काही थोडंथोडकं नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा त्यातला हिमालय. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. मल्लविद्या, मल्लखांब, लाठी, बोथाटी, आसनं, देशी-विदेशी खेळ. एकेक पवित्रा चित्रासह. एवढं काम आज एखादी संस्थासुद्धा हाती घेणार नाही, आणि घेतलं तर अनुदानाच्या अर्जापाशीच अडकेल. त्याआधी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्काराचं पुस्तक. बाळासाहेबांनी सँडोची उपकरणं मागवून सुमारे दहा वर्षं त्यांचा व्यायाम केला होता आणि मग ते नमस्कारांकडे वळले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. पुढे १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली त्यांचं पुस्तक लंडनलाही निघालं. तिकडे लोणावळ्याला १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम आणि त्यांचं ‘योगमीमांसा’. अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्यात १९२४ चं महाराष्ट्रीय मंडळ. या सगळ्यांभोवती पुस्तिका, मासिकं, गौरवग्रंथ यांचा ढीग.

या ढिगात बळ आहे, शिस्त आहे, ब्रह्मचर्य आहे, आयुर्मान आहे, राष्ट्र तर पानोपानी आहे. आनंद मात्र शोधावा लागतो. औंधच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीचं उपशीर्षकच बघा : आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य यांसाठी सूर्यनमस्कार. तीनही फळं पुढे कधीतरी मिळणारी. आज सकाळी पंचवीस नमस्कार घालून उठलेल्या माणसाच्या छातीत जे हलकं वाटतं, ते या हिशेबात जमेला धरलेलंच नाही. ‘उत्साह’, ‘तरतरी’ असे शब्द अधूनमधून येतात, नाही असं नाही. पण ते तोंडी लावायला. मुख्य ताट वेगळंच.

असं का झालं, याचं उत्तर काळात आहे. ‘एतद्देशीय लोक दुबळे’ हा शेरा इंग्रजी राज्यात दोन पिढ्या ऐकून घेतलेला समाज व्यायामाकडे वळला तो आनंदासाठी नव्हे, तो शेरा पुसण्यासाठी. लोकमान्यांची गोष्ट प्रत्येक चरित्रात आहे. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं, परीक्षेत नापास झाले, आणि तेच शरीर पुढे तुरुंगवासात उपयोगी पडलं. मी ही हकीकत निरनिराळ्या चरित्रांत वाचली. सगळीकडे तिचं समर्थन पुढच्या उपयोगाने होतं. त्या कोवळ्या वयातल्या मुलाला ते वर्ष कसं वाटलं असेल, नदीत पोहून आल्यावर तो कसा दिसत असेल, हे कुणी विचारत नाही. जणू तो मंडालेची तयारीच करत होता! व्यायामाला मोठं कारण लागतंच, ही समजूत इथे इतकी मुरलेली आहे की चरित्रकारांना ती समजूत आहे हेही जाणवत नाही.

याचा दुसरा परिणाम ललित साहित्यावर झाला. व्यायाम हा उपदेशाचा विषय झाला की साहित्यात तो विनोदाचाच होऊन येतो. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’तला ‘उपास’ आठवावा. वजन उतरवण्याचा संकल्प हीच तिथे हसण्याची गोष्ट आहे, आणि आपण मनमुराद हसतो, कारण उपदेश करणारे सगळे शेजारी आपल्या ओळखीचे असतात. विनोदाबद्दल माझी तक्रार नाही. पण एका बाजूला बलोपासनेचं व्याख्यान आणि दुसऱ्या बाजूला फजिती, यांच्यामध्ये जी साधी अनुभवाची जागा आहे ती मराठीत रिकामी राहिली, असं मला वाटतं. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामीने २००७ साली स्वतःच्या धावण्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात ना राष्ट्र आहे ना फजिती. आपल्याकडे त्या जातीचं पुस्तक शोधायला गेलं तर हात रिकामे येतात.

आता रिकामी जागा भरायला जे आलं आहे त्याविषयी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या व्यायामाने मन कसं प्रसन्न होतं हे दर आठवड्याला सांगतात. त्यातलं एक वाक्य जवळजवळ कायम असतं : व्यायामाने एंडॉर्फिन नावाचं रसायन तयार होतं आणि आनंद वाटतो. रसायनाचं नाव सांगितलं की प्रश्न सुटला, अशी ही नवी श्रद्धा. प्रत्यक्षात एंडॉर्फिनची गोष्ट बरीच गुंतागुंतीची आहे. १९७० च्या दशकात मेंदूतले अफूसदृश पदार्थ सापडले आणि धावपटूंच्या धुंदीचं श्रेय लगेच त्यांना दिलं गेलं. पण रक्तात वाढलेलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. २०२१ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ६३ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना नाल्ट्रेक्सोन हे अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध देऊन धावायला लावलं. धुंदी तरी आलीच. संशय आता शरीरातच तयार होणाऱ्या, भांगेतल्या द्रव्याच्या जातीच्या रेणूंवर आहे. पुरवण्यांना हे कळायला अजून दहा वर्षं लागतील, आणि तेव्हा त्या तितक्याच खात्रीने नवं नाव छापतील.

रसायन बाजूला ठेवून, फरक पडतो का एवढंच पाहिलं तर? इथे पुरावा आहे, आणि तो मी माझ्या कुवतीनुसार मुळातून वाचला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्याचं निदान झालेल्या १५६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सर्ट्रालीन हे औषध, काहींना आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण सुरुवातीला लवकर दिसला, एवढाच फरक. ही बातमी जगभर गेली. पण त्या अभ्यासात नुसती दिखाऊ गोळी घेणारा गट नव्हता. तो त्यांनी २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात ठेवला. त्यात २०२ जण होते. आजारातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात ४७ टक्के, गटाने केलेल्या व्यायामात ४५, घरी एकट्याने केलेल्या व्यायामात ४०, आणि दिखाऊ गोळीच्या गटात ३१. हे आकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते. पंचेचाळीस आणि एकतीस यांतलं अंतर म्हणजे व्यायाम. एकतीस म्हणजे काय? काळ, काळजी घेणारं कुणीतरी, आठवड्याला विचारपूस करणारा माणूस. आपल्या पुरवण्या हे एकतीससुद्धा व्यायामाच्याच खात्यावर मांडतात.

नंतरचे आढावेही असेच दुधारी. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात ३९ प्रयोग घेतले होते. सगळे एकत्र केले तर व्यायामाचा मध्यम परिणाम दिसतो. फक्त काटेकोर रीतीने केलेले सहा प्रयोग घेतले तर तो अगदी लहान होतो. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात २१८ अभ्यास आणि चौदा हजारांहून अधिक माणसं होती. चालणं किंवा हळू धावणं, योगासनं आणि वजनं उचलणं यांचा गुण चांगला दिसला, पण तिथेही बहुतेक अभ्यासांच्या दर्जाविषयी लेखकांनीच शंका नोंदवली आहे. नॉर्वेत जवळपास चौतीस हजार लोकांचा अकरा वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की प्रत्येकाने आठवड्याला निदान एक तास व्यायाम केला असता, तर नैराश्याच्या १२ टक्के घटना टळल्या असत्या. बारा टक्के ही मोठी संख्या आहे. पण उरलेले अठ्ठ्याऐंशी टक्के काही आळशी नव्हते.

हे मी का मोजत बसले, ते सांगायला हवं. माझा एक मामेभाऊ ऐन तिशीत नैराश्याने आजारी पडला. घरात वडीलधारी माणसं तालमीतली. पंजोबा गावच्या आखाड्याचे वस्ताद. ‘अरे, रोज शंभर जोर मार, असलं काही होत नाही,’ हे वाक्य त्याने किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. मोठे मामा वाईट नव्हते. त्यांना जे शिकवलं होतं तेच ते सांगत होते : दुबळेपण हा दोष आहे आणि तो घामाने धुतला जातो. जे लेखन मी वर वर्णन केलं, त्याचंच हे घरगुती रूप. त्यात उदास माणसाला जागा नाही. आहे ती फक्त कमकुवत माणसाला. भाऊ पलंगावरून उठून तोंड धुवू शकत नव्हता. शंभर जोर सांगणं म्हणजे त्याच्या नापाशीत आणखी एक विषय घालणं होतं. आणि आज तेच वाक्य एंडॉर्फिनचा अंगरखा घालून पुरवणीतून येतं. ‘नैराश्यावर व्यायाम हे मोफत औषध’ असा मथळा वाचून कुणाच्या घरी कुणाच्या गोळ्या बंद केल्या जात असतील, या विचाराने मला धास्ती वाटते.

इथे चरक पुन्हा उपयोगी पडतो, आणि अनपेक्षित बाजूने. व्यायाम कुणी करू नये याची जी यादी त्याच अध्यायात आहे, तिच्यात भुकेलेले, तहानलेले, अतिश्रमाने खंगलेले यांच्याबरोबर क्रोध, शोक आणि भय यांनी घेरलेली माणसंही आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गोंधळले. एकीकडे व्यायामाने दुःख सोसायचं बळ येतं म्हणायचं, आणि शोकात असलेल्याला व्यायाम वर्ज्य करायचा! पण विचार केला तर विसंगती फारशी उरत नाही. बळ आधी कमवायचं असतं. पुरात पडल्यावर पोहायला शिकवत नाहीत. शिवाय ‘व्यायाम’ म्हणजे तिथे दमवणारं कर्म आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगतात. आपल्या तालमींनी हा अर्धशक्तीचा नियम पाठ केला आणि पाळला मात्र नाही.

अर्ध्या शक्तीच्या या नियमाशी आजच्या एका संशोधनाचं चांगलं जुळतं. पँटेलेमॉन एकेकाकिस या अभ्यासकाने व्यायामाच्या आधी आणि नंतर विचारण्याऐवजी व्यायाम चालू असताना माणसांना कसं वाटतंय ते विचारलं. सहज बोलता येईल इतक्या गतीपर्यंत बहुतेकांना बरं वाटतं. धाप लागून बोलणं तुटू लागलं की जवळपास सगळ्यांचं सुख उतरू लागतं, आणि थांबल्यावर पुन्हा चढतं. म्हणजे ज्याला घाम काढण्याचीच सक्ती केली, त्याने व्यायाम सोडला तर त्यात त्याच्या चारित्र्याचा प्रश्न नाही.

मग मराठीत व्यायामाचं सुख कधी कुणी ओळखलंच नाही का? ओळखलं, पण तालमीबाहेर. श्रावणातली मंगळागौर घ्या. नव्याने लग्न झालेली मुलगी, सासरी अजून जीव न रमलेला, आणि रात्रभर जागरण करून फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, कोंबडा. बसफुगडीची एक फेरी घालून पाहिलीय का कुणा वस्तादाने? मांड्या भरून येतात. वर सासू-नणंदांवरची गाणी, म्हणजे तक्रार करायची मोकळीक, आणि सोबतीला दहाजणी. घरी एकट्याने आणि गटाने केलेल्या व्यायामातला तो ४० आणि ४५ चा फरक शास्त्राच्या दृष्टीने फार मोठा नाही, हे मान्य. पण मला तो वाचताना ओटीवरचा झिम्माच आठवला. आपल्या अभ्यासकांनी मंगळागौर लोकसाहित्याच्या कप्प्यात टाकली, गाणी उतरून घेतली, आणि अंग विसरले. अर्थात तिचं गोडवं गाताना हेही म्हणायला हवं की हा खेळ ठरावीक जातींतल्या सवाष्णींचा होता. जिचा नवरा गेला आणि जिला त्या रात्रीची सर्वांत जास्त गरज होती, तिला तिथे जागा नव्हती.

आणि जात्यावरची? पहाटे तीन तास दळणारी बाई व्यायाम करते असं कुणी म्हणत नाही. ते बरोबरच आहे. अलीकडच्या आढाव्यांत फुरसतीतल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्थितीशी दिसतो. पोटासाठी करावे लागणारे कष्ट घेतले तर तो संबंध दिसत नाही, उलट बाजूलाही झुकतो. चरकाने व्यायामाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात ‘या चेष्टा’ असे शब्द आहेत. संधी सोडवला तर ‘च इष्टा’ : जी हवीशी वाटते ती हालचाल. संस्कृतच्या माझ्या बाईंनी हा संधी फोडून दाखवला तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता. ओझं वाहणं म्हणजे व्यायाम नव्हे, तो स्वतःच्या इच्छेने करायचा, हे त्या एका ‘इष्टा’त बसलं आहे. मोलकरणीला ‘तुमचा तर आपोआप व्यायाम होतो’ म्हणणाऱ्या सोसायटीतल्या बायकांना हा संधी शिकवायला हवा.

वारीचं काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा सामूहिक व्यायाम आहे, पण तसं म्हटलं तर वारकरी हसतील. इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ आणि दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ (१९६४) ही दोन लेखनं मला या विषयात तालमीच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा जवळची वाटतात. दोघंही बाहेरून आलेले, शहरी, शंकेखोर. दोघांनी चालून लिहिलं. इरावतीबाईंना दिंड्यांमधला जातीचा दुरावाही दिसला आणि तो त्यांनी लपवला नाही. चालण्याने मन उजळतं, पण उजळलेलं मन सगळ्यांना शेजारी बसवून घेतंच असं नाही, हे त्या लेखातून मी शिकले. मोकाशींच्या पुस्तकाकडे भक्ती आणि समाज यांच्या अंगाने पाहिलं जातं. चालणाऱ्या माणसाच्या मनःस्थितीची नोंदवही म्हणून कुणी ते वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

सुश्रुताच्या ज्या अध्यायात व्यायामाचं वर्णन आहे, त्यातच पुढे दोन निराळे शब्द येतात : अध्वा आणि चंक्रमण. अध्वा म्हणजे लांबची वाट तुडवणं. त्याने वर्ण जातो, सुकुमारपणा जातो. चंक्रमण म्हणजे देहाला फार पीडा न देणारी फेरी. तिच्या फळांत आयुष्य, बळ आणि अग्नी यांच्याबरोबर मेधा आहे आणि इंद्रियांची जाग आहे. व्यायामाच्या यादीत जे मला सापडत नव्हतं, ते इथे फेरीच्या खात्यावर लिहिलेलं होतं.

मामेभावाच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून त्याला एवढंच सांगितलं होतं : सकाळी कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत जा आणि पिशवी घेऊन ये. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या महिन्यात तो अकरा दिवस गेला. हे अकरा दिवस मामींनी दिनदर्शिकेवर गोल करून ठेवले होते, दुधाच्या हिशेबाशेजारी.